दिव्यांच्या उजेडातला फुटबॉल



परवा चौथीच्या वर्गात मी एक फोटो दाखवला. खाली हिरवं मैदान, वर काळोख आणि मधे लाल-काळे धुरकट पट्टे. पहिल्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, हे भूत आहे का?"

भूत कसलं, तो चेंडूमागे धावणारा खेळाडू होता!

फोटो काढला माझ्या मावसभावाने. तो शिकायला इंग्लंडमधल्या शेफिल्डला आहे. एका मंगळवारी संध्याकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून स्वारी 'शेफिल्ड एफ.सी.'च्या मैदानावर गेली. हा क्लब स्थापन झाला 24 ऑक्टोबर 1857 रोजी. आपल्याकडे उठाव चालू होता, ते हे वर्ष! जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो. 2004 साली 'फिफा'ने त्याचा खास गौरव केला. तसा मान मिळालेला दुसरा क्लब म्हणजे बलाढ्य रेआल माद्रिद.

एवढा नावाजलेला क्लब, म्हणजे भलंमोठं स्टेडियम असेल ना? छे! इंग्लंडमधल्या वरच्या चार पायऱ्यांवर मिळून 92 क्लब खेळतात. त्यांच्या खालच्या फुटबॉलला 'नॉन-लीग' म्हणतात, आणि आपला हा म्हातारा क्लब तिथेच खेळतो. तिथले बरेचसे खेळाडू दिवसभर नोकरी-धंदा करतात आणि संध्याकाळी बूट चढवतात. म्हणून मधल्या वारचे सामने रात्री पावणेआठच्या सुमारास सुरू होतात.

गंमत म्हणजे, विजेच्या दिव्यांत फुटबॉल खेळायची सुरुवातही याच शहरातली. 14 ऑक्टोबर 1878 रोजी ब्रॅमल लेन मैदानाच्या चारी कोपऱ्यांत दिवे लावून सामना झाला. वाफेच्या इंजिनांवर डायनामो फिरवून वीज तयार केली होती. एडिसनचा प्रसिद्ध दिवा आला तो पुढच्या वर्षी!

आता आपल्या भुताकडे वळू. कॅमेऱ्याचं दार असतं, त्याला शटर म्हणतात. उजेड कमी असला की ते जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात खेळाडू पुढे सरकतो आणि फोटोत पट्टा उमटतो. पळत्या खेळाडूला थोपवायचं तर शटर एका सेकंदाच्या 500व्या भागाइतकंच उघडायला हवं. पण मग उजेड पुरत नाही. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवली, तर चित्रावर रवाळ ठिपके येतात. आणि फ्लॅश? तो काही मीटरच पोचतो, वर खेळाडूंचे डोळे दिपतात. म्हणून तो मारायचाच नाही.

मग भावाने युक्ती केली. मैदानाचा जो भाग जास्त उजळ, तिथे तो रेषेबाहेर गुडघ्यावर बसला. चेंडूमागे कॅमेरा फिरवायचं सोडलं आणि खेळाडू उजेडात येण्याची वाट पाहिली. हेडर मारायला उंच उडालेला खेळाडू अगदी वर पोचला की क्षणभर थांबल्यासारखा होतो. नेमकं तेव्हाच बटण दाबलं. फोटो स्वच्छ!

पण त्याने मला सगळ्यांत शेवटी पाठवला तो फोटो वेगळाच होता. त्यात चेंडू नव्हता, गोलही नव्हता. बाकावर बसलेला एक राखीव खेळाडू, अंगावर जाड कोट, आपल्या संघाने गोल केल्यावर दोन्ही हात वर करून उडी मारत होता. भावाने लिहिलं होतं, "ताई, हा शेवटपर्यंत मैदानात उतरला नाही. पण फोटोत आला."

ते वाचून मी गप्पच झाले. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या खो-खो सामन्याचे फोटो मीच काढले होते. फळ्यावर लावले तेव्हा सगळी मुलं आपापला चेहरा शोधत होती. एक मुलगा दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून आला आणि मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. तो राखीव होता. सामनाभर त्याने सगळ्यांच्या चपला आणि पाण्याची कळशी सांभाळली होती. माझ्या एकाही फोटोत तो नव्हता. चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझ्या नजरेची होती.

यंदा मी पहिला फोटो राखीव खेळाडूंचा काढला.

करून पाहा : घरातल्या मोठ्यांचा फोन मागून घ्या. दिवेलागणीला अंगणात मित्राला पळायला सांगा आणि फोटो काढा. मग उंच उडी मारायला सांगून तो अगदी वर असताना दुसरा काढा. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आणि हो, तिसरा फोटो कोणाचा काढायचा, ते आता तुम्हाला सांगायला नको!

तुमच्या बाई