दोन चाकांची सोयरीक

हिवाळ्यातील रविवारी सकाळी बऱ्हाणपूरच्या बाजारात मावा-जिलबीच्या दुकानांपुढे मोटारसायकलींची रांग लागलेली दिसते. काही आपल्या इंदूरच्या, काही जळगाव-भुसावळकडच्या. असीरगड चढावा, कुंडी भंडारा पाहावा, जिलबी खावी आणि दिवेलागणीच्या आत घर गाठावे, असा या मंडळींचा सर्वसाधारण बेत असतो. त्यांत बँकेतला कारकून असतो, डॉक्टर असतो, गॅरेजवालाही असतो. आणि पहिला चहा संपण्याच्या आत ही मंडळी एकमेकांस अरेतुरे करू लागतात. क्वचित एखादी ठेंगणी, दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटारही तेथे येऊन उभी राहते. तिच्याभोवती गर्दी होते, पोरे फोटो काढतात. पण ती गर्दी मोटारीची, मालकाची नव्हे. तो काच वर करून आत बसलेला असतो.

हा फरक पैशाचा, असे कोणीही चटकन म्हणेल. मला ते पटत नाही. हल्ली मोटारीच्या किमतीच्या मोटारसायकली रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालकही त्याच बाकावर बसून जिलबी खातात. कारण शोधायचे तर ते शौकाच्या जातीतच शोधले पाहिजे.

मोटारींचा शौक म्हणजे काय, हे इंदूरच्या जुन्या घरांना नव्याने सांगायला नको. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून तिच्यावर दोन आसनांची बॉडी बांधून घेतली. आठ सिलिंडरांचे इंजिन, त्यास सुपरचार्जरची जोड. महाराजांची दृष्टी किती आधुनिक होती याची ती गाडी साक्ष आहे, आणि तिचे कौतुक करण्यात मी कोणाच्या मागे नाही. पण तिचे सारे वैभव ती एकच होती यात आहे. स्पोर्ट्‌स मोटारीच्या शौकिनाला मनातून हेच हवे असते. तशीच दुसरी गाडी शेजारी येऊन उभी राहिली की त्याचा आनंद उणावतो.

मोटारसायकलवाल्याचे नेमके उलट. दोन जुन्या जावा समोरासमोर आल्या की दोघेही थांबतात. जावा हे नावही जोडून झालेले आहे, ही मला आवडणारी गोष्ट. १९२९ मध्ये यानेचेक या चेक कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा धंदा घेतला आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतली पहिली दोन-दोन अक्षरे जोडून हे नाव केले. आपल्याकडे मैसूरला १९६१ पासून ती तयार होऊ लागली. पुढे तिचीच येझदी झाली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मधल्या वीस-बावीस वर्षांत सुटे भाग दुकानांतून नाहीसे झाले. मग कोणाकडे जुना कार्बोरेटर, कोणाकडे गिअरचा संच, कोणाला जुन्या मिस्त्रीचा पत्ता ठाऊक, अशा देवाणघेवाणीवर या गाड्या जगल्या. आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावचे जावा-येझदीवाले एकत्र जमतात. २०१८ मध्ये ते नाव पुन्हा बाजारात आले आणि नवी जावा आपल्या पिथमपुरास तयार होऊ लागली. पण ही सोयरीक जुळली ती टंचाईच्या दिवसांत. विंटेज मोटारी बाळगणाऱ्या मंडळींतही असाच जिव्हाळा आढळतो, कारण त्यांनाही पुर्ज्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते. चाके दोन की चार, हा प्रश्न तेथे गौण ठरतो.

मोटारसायकलीवर ऊन, पाऊस, धूळ अंगावर घ्यावी लागते, ही गोष्टही आहेच. समोरून येणाराही तेच सोशीत आलेला असतो. म्हणून त्याला पाहून हात उचलण्याची रीत पडली. आपल्याकडे समोरचा स्वार उजवीकडून जातो आणि आपला उजवा हात तर इंजिनाच्या वेगाच्या मुठीवर गुंतलेला; त्यामुळे डावा हात वर करावा, नाही तर नुसती मान लववावी. मैफलीत अनोळखी तबलजीने समेवर मान हलवली की गवयाला जे वाटते, त्याच्या जवळपासचेच हे सुख असावे. (इंजिनाच्या ठेक्यात लय आहे हे मी गवई असून मान्य करतो, सायलेन्सर कापून केलेल्या कर्कशपणात ती नाही, हेही त्याच तोंडाने सांगतो.)

येथवर मी या मंडळींच्या बाजूने बोललो. आता एक कडू गोष्ट. मागल्या वर्षी असीरगडच्या घाटात माझ्या येझदीची क्लचची तार तुटली. गाडी कडेला घेऊन उभा होतो. लांबच्या प्रवासाच्या जड मोटारसायकली, अंगात चामडी जाकिटे, अशी एक टोळी आली. सर्वांनी ओळीने डावा हात उंचावला आणि सर्व पुढे गेले. मी देखावा पाहत उभा आहे असेही त्यांना वाटले असेल. थांबला तो शंभर सीसीच्या गाडीवर मागे केळीचे घड बांधून निघालेला एक गृहस्थ. तार पाहून त्याने सांगितले, गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला, मी उतारावर ढकलतो, चालू झाली की मधे थांबू नका. तसे केले. बऱ्हाणपुरात शिरेपर्यंत तो माझ्या मागे होता. त्याला कधी कोणी हात केला नसेल, कारण त्याची गाडी शौकाची नाही.

या देशात मोटारसायकली मुख्यतः अशाच माणसांच्या आहेत. बऱ्हाणपुरात यंत्रमागावर पाळी करून घरी जाणारा, शहापूरहून दूध आणणारा, केळीच्या बागेत पाणी सोडायला निघालेला. यांना वगळून जी बिरादरी उभी राहील ती जातभाईंची होईल, वाटसरूंची नव्हे. आणि मग काच वर करून बसलेल्या त्या मोटारमालकास नावे ठेवण्याचा तिला काय अधिकार?

काळही फार अनुकूल नाही. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले, बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि त्याची जागा संगणकी पद्धतीने पेट्रोल सोडणाऱ्या यंत्राने घेतली. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे आवश्यकच होते. पण रस्त्यात बिघाड झाला तर पाना-पकड घेऊन थांबलेल्या माणसाला करण्यासारखे थोडेच उरले. कंपनीला फोन करावा आणि वाट पाहावी. तेव्हा यापुढे थांबायचे ते गाडीसाठी नव्हे, माणसासाठी.

अपघात पाहूनही लोक पोलिसांच्या भीतीने पुढे जातात, ही सबबही आता चालणारी नाही. मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये यासाठीच्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले; २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घालून सद्‌भावाने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारीतून संरक्षण दिले गेले. आपले नावही सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. हे कलम किती स्वारांना ठाऊक आहे, हे जिलबीच्या दुकानापुढे एकदा विचारून पाहावे.

टोळीने निघणाऱ्या या मंडळींत एक चांगली पद्धत आहे. सर्वांत मागे एक अनुभवी स्वार ठेवतात; त्याच्याजवळ पंक्चरचे सामान, जादा तार, मलमपट्टीची पेटी असते. कोणी मागे राहिला तर तो त्याच्याजवळ थांबतो. आज त्याची नजर फक्त आपल्या रांगेवर असते. पुढल्या रविवारी घाटात कडेला उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीपाशी, मग तिच्यावर केळीचे घड का असेनात, त्याने वेग कमी करून "काय झाले?" एवढे विचारावे.