गांजा : प्रसाद की पाश?

“गांजा म्हणजे शंकराचा प्रसाद, दारूसारखे ते व्यसन नव्हे!” वसतिगृहाच्या गच्चीवर हे वाक्य कितीदा तरी कानी पडते. उलट, व्यसनमुक्तीवरील व्याख्यानात वक्ते सांगतात की, एक झुरका घेतला की माणूस वेडा झालाच. या दोन्ही अतिशयोक्तींनी आपले नुकसानच केले आहे. वक्त्यांचे एक विधान खोटे ठरले की त्यांची खरी विधानेही आपण हसण्यावारी नेतो.

मग खरे काय? ब्रिटिश सरकारच्या आयोगाने १८९३-९४ साली देशभर चौकशी केली. बेताच्या सेवनाने सहसा फारशी हानी होत नाही, परंतु अतिसेवन घातक ठरते, असा त्याचा निर्वाळा होता. गांजाचे समर्थक यातला पूर्वार्ध तेवढा सांगतात!

गांजातील मुख्य मादक द्रव्य म्हणजे टीएचसी. झिंग काही तासांत उतरते. परंतु हे द्रव्य चरबीत साठते आणि रोज ओढणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे राहते. नाडी जलद चालते, डोळे तांबारतात, आताच वाचलेले आठवत नाही. धुराने खोकला जडतो. सवय सोडू पाहणाऱ्याची झोप उडते, चिडचिड वाढते. मग हे व्यसन नव्हे तर काय?

स्वीडनमध्ये पंचेचाळीस हजारांवर लष्करभरतीच्या तरुणांची पंधरा वर्षांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले. इतर कारणे जमेस धरता हा आकडा उतरतो. तथापि धोका उरतोच. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणजे हा प्रश्न नेमका आपल्या वयाचा आहे.

माझा एक खोलीसोबती गतवर्षी परीक्षेला बसला नाही. भिंतीपलीकडून लोक आपल्याविषयी बोलतात, असे तो म्हणू लागला होता. गांजानेच हे झाले, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आम्ही कोणाही प्राध्यापकांकडे गेलो नाही, कारण चिलीम फिरवणाऱ्यांत आम्हीही होतो. १९८५ च्या कायद्याची आणि वसतिगृहातून काढले जाण्याची भीती होती. अखेर त्याचे वडील येऊन त्याला गावी घेऊन गेले.

म्हणून गुरुजनांना विनंती आहे : शिक्षेची नियमावली खुशाल असू द्या, पण मदत मागायला येणाऱ्यासाठी एक दार उघडे ठेवा. आणि मित्रहो, आपल्या सोबत्याचे मन बिघडते आहे असे दिसले, तर गप्प बसू नका. आम्ही बसलो, त्याची टोचणी अजून जात नाही.