भगवी वस्त्रं आणि राजकारण

परवा मेढ्याच्या स्टँडवर एक जुना विद्यार्थी ठासून म्हणाला, "गुरुजी, संन्याशानं राजकारणात पडूच नये!" तेवढ्यात त्याची एस.टी. आली. उत्तर राहून गेलं, ते इथे लिहितो.

बाबा रे, मग स्वामी रामानंद तीर्थांचं काय करायचं? मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३. माझ्यासारखेच शाळामास्तर! हिप्परग्याला, अंबाजोगाईला शिकवलं. संन्यास घेतला, पण हिमालय गाठला नाही. १९३८ मध्ये निजामाने स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा सत्याग्रह करून तुरुंगात गेले. १९४७ मध्ये आपण इथे स्वातंत्र्याचे पेढे वाटले, तेव्हा ते पुन्हा तुरुंगात! १९५२ आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून आले. आणि ज्या हैदराबाद राज्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं, ते राज्यच भाषावार मोडा म्हणाले. १९५६ मध्ये ते मोडलंही. आपल्या वजनाचा मुलूख असा कोण मोडू देतो?

म्हणजे प्रश्न वस्त्रांचा नाहीच. स्वामींनी आधी घरदार सोडलं, मग राजकारण धरलं. स्टेट काँग्रेस कुठल्या एका धर्माची नव्हती. आज मात्र वस्त्रांचंच भांडवल करून मतं मागतात. याला संन्यास म्हणायचं की दुकान?

तेव्हा उमेदवार भगव्यात आहे की खादीत, हे पाहू नका. त्याने काय सोडलं, एवढंच विचारा. आपल्या सातारकडे १७ सप्टेंबरला या माणसाची कुणाला आठवणही होत नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

असो. विद्यार्थी हे वाचेल, ही आशा!