ताप अंगावर काढू नका

फ्लूला आपण 'साधा ताप' म्हणतो आणि तसेच कापूस वेचायला जातो. मला हे मुळीच पटत नाही. १९१८ साली याच रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यांत धडधाकट तरुणच फार होते.

घरी करायचे ते थोडेच: विश्रांती, पेज, भरपूर पाणी आणि तापाला पॅरासिटामॉल. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. दुकानातून अँटिबायोटिक आणणे म्हणजे पैसे पाण्यात. विषाणूवर ते चालत नाही. आजाऱ्याने रविवारी मिस्सालाही येऊ नये, मी रागावणार नाही.

मात्र धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर झाले, माणूस असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली, किंवा उतरलेला ताप खोकल्यासह पुन्हा चढला, तर सकाळची वाट न पाहता गोत्रीचे सरकारी इस्पितळ किंवा सयाजी रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर गाडी मिळते. गरोदर बाई, पाच वर्षांखालचे मूल, म्हातारी माणसे, मधुमेही आणि दमेकरी यांनी तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ऑसेल्टामिविर हे औषध ४८ तासांच्या आत सुरू झाले तर अधिक गुण येतो. तेवढी वेचणी शेजाऱ्यांनी उरकावी.