मुलाखतीला बोलावलं होतं!

2023 च्या नवरात्रात फ्रीमाँटहून भाचीचा फोन आला. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. थेट म्हणाली, ‘‘मावशी, ऐकलंस का? आमच्या जायंट्सनी मॅनेजरच्या मुलाखतीला एका बाईला बोलावलंय! पहिल्यांदाच!’’

जायंट्स म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा बेसबॉल संघ. भाची तिकडे नोकरीला गेली आणि बघता बघता त्या संघाची भक्त झाली. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपलं विचारलं, ‘‘मॅनेजर म्हणजे विमानाची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या बघणारा ना?’’ आपल्या क्रिकेट संघाबरोबर मॅनेजर जातो, तो मला तेवढाच माहीत.

भाची खूप हसली. मग तिनं नीट समजावलं. बेसबॉलमध्ये मॅनेजर हा खरा कर्ता. आज कोण खेळणार, कुणी कितव्या क्रमांकावर बॅट घ्यायची, चेंडू फेकणारा दमला की त्याला कधी परत बोलवायचं, सगळं तो ठरवतो. क्रिकेटच्या कप्तानाचं डोकं आणि प्रशिक्षकाची खुर्ची एकाच माणसाकडे. खेळाडूंसारखाच गणवेश घालून तो मैदानाकडेच्या खोलगट ओसरीत, म्हणजे डगआउटमध्ये, बसतो. मोसमात सामने 162. म्हणजे चुका करायला आणि शिव्या खायलाही 162 दिवस. संघ हरला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. जायंट्सनी 2021 मध्ये 107 सामने जिंकले होते, क्लबच्या इतिहासातला विक्रम. तेव्हाचे मॅनेजर गेब कॅपलर. दोनच वर्षांनी, मोसमाचे तीन सामने उरले असताना, त्यांना निरोप देण्यात आला. मग ऑक्टोबरात नव्या माणसाचा शोध सुरू झाला आणि मुलाखतीच्या यादीत नाव आलं अलिसा नॅकन.

ही बाई बाहेरून आलेली नव्हती. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली, 2014 मध्ये याच क्लबात उमेदवारी करायला आलेली. 2020 च्या जानेवारीत तिला मुख्य संघाच्या प्रशिक्षकांत पूर्ण वेळ घेतलं. मेजर लीगमध्ये असं पद मिळालेली ती पहिली स्त्री. 12 एप्रिल 2022 ला सॅन डिएगोविरुद्धचा सामना चालू असताना पंचांनी जायंट्सच्या एका प्रशिक्षकाला मैदानाबाहेर काढलं आणि त्याच्या जागी, पहिल्या बेसपाशी, नॅकन उभी राहिली. चालू सामन्यात मैदानात उतरून प्रशिक्षकाचं काम करणारीही पहिलीच. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, समोरच्या संघाच्या एरिक हॉस्मरनं हात मिळवला. तिचं हेल्मेट कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात गेलं.

त्या रात्री समोरच्या डगआउटमध्ये सॅन डिएगोचे मॅनेजर म्हणून कोण बसलं होतं, माहीत आहे? बॉब मेल्विन. आणि 2023 चा दसरा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी जायंट्सनी जाहीर केलं, आमचे नवे मॅनेजर बॉब मेल्विन.

खरं सांगायचं तर तेव्हा मला काही गैर वाटलं नाही. मेल्विन यांना सर्वोत्तम मॅनेजरचा मान तीनदा मिळालेला, या पदावरचा दांडगा अनुभव, शिवाय त्याच भागात जन्मलेले आणि पूर्वी जायंट्सकडून खेळलेले. नॅकन 33 वर्षांची, एकाही संघाची मॅनेजर म्हणून सूत्रं न सांभाळलेली. भाची हिरमुसली. मी तिला म्हटलं, ‘‘अगं, निदान बोलावलं तरी! अनुभव येऊ दे, पुढच्या वेळी होईल.’’ आपल्या बायकांना हे वाक्य किती सहज येतं तोंडात!

बोलावणं ही छोटी गोष्ट नसते, हेही खरं. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूनं 1947 मध्ये मेजर लीगचं दार उघडलं, पण पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर यायला 1975 उजाडावं लागलं. तेही रॉबिन्सनच, फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलँडचे. 28 वर्षं खेळायला चालत होते, हुकूम द्यायला नाही! 1999 मध्ये तर तिथल्या आयुक्तांना क्लबांना सांगावं लागलं की, अशी मोठी पदं भरताना अल्पसंख्य उमेदवारांचाही विचार करा. विचार करा म्हटल्यावर विचार होतो. चहा दिला जातो, प्रश्न विचारले जातात. पुढे काय होतं ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसलेल्या कुठल्याही मुलीला विचारा.

किम अँग यांचंच बघा. क्लबचा सगळा व्यवहार, खेळाडूंची देवघेव आणि करार बघणारा जनरल मॅनेजर वेगळा असतो. त्या पदासाठी त्यांची पहिली मुलाखत झाली 2005 मध्ये. पद मिळालं 2020 च्या नोव्हेंबरात, मायामीत. पंधरा वर्षं! मधल्या काळात कितीतरी क्लबांनी त्यांना बोलावलं आणि परत पाठवलं. 2023 मध्ये मायामीचा संघ बाद फेरीपर्यंत पोचला आणि मालकांना वाटलं, आता यांच्या वरती कुणीतरी आणू या. अँगबाई पद सोडून निघाल्या. हे घडलं त्याच ऑक्टोबरात, जेव्हा नॅकनची मुलाखत झाली. आणि रेचल बॅल्कोवेक? कसरतीच्या प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करून करून थकली, उत्तरच येईना. शेवटी अर्जावर ‘रेचल’ऐवजी ‘रे’ लिहिलं, म्हणजे पुरुषाचंही चालेल असं नाव, आणि फोन वाजायला लागले. 2022 मध्ये ती यँकीजच्या खालच्या पातळीवरच्या, टँपाच्या संघाची मॅनेजर झाली.

पुढची गोष्ट 2025 ची. मेल्विन यांच्या दोन मोसमांत जायंट्स पहिल्या वर्षी 80 सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी 81. म्हणजे जेमतेम निम्मे. त्यांनाही निरोप मिळाला. ऑक्टोबरात पुन्हा शोध. आणि निवडलं कुणाला, तर टोनी व्हिटेलो यांना, टेनेसी विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक. माणूस कर्तबगार, 2024 मध्ये विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेलं. पण व्यावसायिक बेसबॉल ते कधी खेळले नव्हते, आणि त्यात प्रशिक्षक किंवा मॅनेजर म्हणून एक दिवसही काम केलं नव्हतं. कॉलेजातून असे थेट मेजर लीगच्या मॅनेजरपदी येणारे ते पहिलेच.

त्याच शोधमोसमात वॉशिंग्टननं ब्लेक ब्युटेरा यांना नेमलं, वय 33. नॅकन मुलाखतीला गेली तेव्हाचंच वय. सॅन डिएगोनं क्रेग स्टॅमेन यांना आणि एंजल्सनी कर्ट सुझुकी यांना नेमलं. दोघेही नावाजलेले माजी खेळाडू, पण मॅनेजर म्हणून कोरी पाटी.

आता मात्र माझं डोकं फिरलं. जायंट्सची निवड करणारी माणसं दोन्ही वेळी वेगवेगळी होती, हे मान्य. 2023 मध्ये फरहान झैदी होते, 2025 मध्ये बस्टर पोझी. व्हिटेलो वाईट निघतील असंही मला म्हणायचं नाही. ब्युटेरांनी तर खालच्या पातळीवर लहान वयापासून संघ सांभाळले होते. पण अनुभव हा शब्द किती लवचिक आहे! एकाकडे तो नसला की त्याला ‘ताजी नजर’ म्हणायचं, ‘धाडसी निवड’ म्हणायचं. बाईकडे नसला की तो नसतो, एवढंच. धाडस करायला क्लब तयार आहेत, फक्त ते कुणावर करायचं ते ठरलेलं दिसतं.

हे लिहिताना माझाच एक ऑक्टोबर आठवतोय. मी आमच्याकडच्या एका पतसंस्थेत महिला राखीव जागेवर संचालक होते. शाखेला मॅनेजर हवा होता. काउंटरवर अकरा वर्षं काम केलेली एक जण मुलाखतीला आली होती. सगळे खातेदार तिला ओळखायचे, कुणाचा हप्ता का थकलाय ते तिला वही न उघडता सांगता यायचं. चेअरमन गप्प होते. प्रश्न मी विचारला. ‘‘वसुलीला संध्याकाळी फिरावं लागेल, घरचं जमेल का?’’ तिच्यानंतर आलेल्या मुलाला मी हे विचारलं नाही. तो एका कापडदुकानात हिशेब लिहायचा. ‘‘तरुण आहे, शिकेल,’’ असं आम्ही म्हणालो. त्यात माझाही आवाज होता. आणि त्याला शिकवलं कुणी? तिनंच!

म्हणून नॅकनचं पुढं काय झालं ते मी मुद्दाम भाचीला विचारलं. 2024 मध्ये ती मेल्विन यांच्याच हाताखाली काम करत राहिली. त्या मोसमानंतर क्लीव्हलँडला गेली, तरुण खेळाडू घडवण्याच्या विभागात. बॅल्कोवेकही 2024 मध्ये मायामीला गेली, तीही खेळाडू घडवण्याच्याच कामावर. काम मोठं आहे, वरच्या जबाबदारीचं आहे. पण बघा हं, पोरांना तयार करायला बाई चालते. तयार झालेल्या पोरांपैकी आज कोण खेळणार, हे भरल्या मैदानासमोर सांगायला मात्र अजून कुणीतरी दुसराच. 2025 चा शोध संपला तेव्हा तीसच्या तीस डगआउटांत मॅनेजर पुरुषच होते.

भाचीला म्हटलं, ‘‘तू अजून या संघासाठी जीव टाकतेस?’’

‘‘टाकते गं,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मावशी, दर ऑक्टोबरात कुणाची तरी नोकरी जातेच.’’