कमी किलोमीटरची सेकंड हँड एसयूव्ही चांगलीच असते का? ताथवड्यात गाडी घेण्याआधी हे तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला. नेक्सॉन, व्हेन्यू यांसारख्या चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हींना त्याचा फायदा झाला. त्यामुळे जुन्या गाडीचा भाव ठरवताना मालकाने तेव्हा किती मोजले हे न पाहता, आज नवी केवढ्याला मिळते ते पाहा.

विक्रेते बहुधा कमी किलोमीटरवर भर देतात. पण ताथवडे, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात ऑफिसला जाणारी गाडी किलोमीटर कमी आणि तास जास्त चालते. मीटरवर अंतर दिसतं, ट्रॅफिकमध्ये गेलेला वेळ दिसत नाही.

क्लच आणि गिअरबॉक्स: रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिक गाडी चढावर आणि गर्दीत चालवून पाहा. झटके बसत असतील तर खर्च मोठा असू शकतो.

बीएस-६ डिझेल: एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात धावावी लागते. रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतोय का, ते बघा.

सस्पेन्शन: स्पीडब्रेकरवरून हळू जाताना खडखड आली, तर बुश किंवा लिंक रॉड झिजलेले असू शकतात.

पाण्यात बुडालेली गाडी: जुलै २०२४ मध्ये पुण्यात पूर आला होता. सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाचे डाग शोधा, कार्पेटखाली आणि सीटच्या पट्ट्यांवर गंज पाहा.

कागदपत्रं: आरसीवर कर्जाचा बोजा, थकलेली ई-चलानं आणि विमा क्लेमचा इतिहास तपासा. सर्व्हिस रेकॉर्डवरची किलोमीटरची नोंद मीटरशी जुळवा.

इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनात सकाळचा धूर आणि खडखड लपून जाते. व्यवहारापूर्वी ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. मालक त्याला तयार नसेल, तर ती गाडी सोडून द्या.