सरपंच मॅडम, फोन तुम्हीच उचला!

'पंचायत' बघितलेल्यांना फुलेराचं प्रधान कोण, हे सांगायची गरज नाही. कागदावर मंजू देवी. पण गावात 'प्रधानजी' अशी हाक मारली की वळून बघणार त्यांचे यजमान! २०२० मध्ये पहिला सीझन आला तेव्हा आपण सगळे यावर पोट धरून हसलो. मीम्स झाले, रील्स झाले. गाव उत्तर प्रदेशातलं, त्यामुळे 'आपल्याकडे नाही हं असं चालत' असंही कुणाला वाटून गेलं असेल. पण आपल्या मराठीत या माणसासाठी 'सरपंचपती' असा खास शब्द तयार आहे. पद नसलेल्या माणसासाठी भाषेला पदनाम शोधावं लागलं, यातच सगळं आलं.

इंटर्नशिप सुरू झाल्यावर पाणीटंचाईच्या बातमीसाठी मला काही गावांच्या सरपंचांना फोन लावायचं काम मिळालं. यादीत नाव बाईचं, नंबर लावला की आवाज पुरुषाचा. "मॅडमशी बोलायचं होतं." "अहो, बोला ना, मीच बघतो सगळं." एका ठिकाणी मी जरा हट्टच केला, तर पलीकडून ऐकू आलं, "अगं ए, पेपरवाली आहे, काय विचारते बघ." मग त्या फोनवर आल्या आणि त्यांनी टँकर किती वाजता येतो, कोणत्या वस्तीला मिळत नाही, विहिरीला पाणी किती उरलंय, हे घडाघडा सांगितलं. आधीच्या दहा मिनिटांत त्यांच्या यजमानांकडून यातलं काहीच मिळालं नव्हतं. मुद्दा हाच आहे. बाईकडे माहिती नसते, बोलता येत नाही, म्हणून नवरा बोलतो, हे स्पष्टीकरण आपण फार पटकन मान्य करतो.

थोडा मागचा हिशेब. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि देशभरातल्या पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या, सदस्यांच्याही आणि अध्यक्षपदांच्याही. बिहारने २००६ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं, महाराष्ट्राने २०११ मध्ये. आपल्या राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, म्हणजे निम्म्या गावांत सरपंचाच्या खुर्चीवर बाई असणं हा कायद्याचाच भाग आहे. आता वरच्या मजल्यावर बघा. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. आणि या राज्याला आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश आरक्षण देणारा कायदा मंजूर केला. लोकसभेत विरोधात फक्त २ मतं पडली! पण त्याच कायद्यात अंमलबजावणीची गाठ जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधून ठेवली होती. सगळ्यांचा पाठिंबा असलेली गोष्ट इतकी सावकाश कशी काय होते, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आपण गावातच राहू. कारण खुर्ची मिळाली की आवाज आपोआप मिळतो का, याचं उत्तर शोधण्यासाठी तीस वर्षांचा अनुभव फक्त तिथेच आहे.

यावर सगळ्यात भारी काम झालंय पश्चिम बंगालमध्ये. तिथे कोणत्या पंचायतीचं प्रधानपद महिलांसाठी राखीव होणार हे आळीपाळीने, जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची सरळ तुलना करता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (हो, २०१९ च्या नोबेलवाल्या) यांनी बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानमधल्या उदयपूर जिल्ह्यातल्या मिळून २६५ पंचायती तपासल्या. २००४ मध्ये आलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की प्रधान महिला असेल तिथे गावातल्या बायका ज्या कामांची मागणी करतात, त्यांवर जास्त खर्च होतो. पिण्याचं पाणी त्यात वरच्या नंबरवर. म्हणजे नवऱ्याच्या आडून का होईना, खुर्चीवर बाई बसल्याने नळाला फरक पडला.

पण मला त्याहून इंटरेस्टिंग वाटला तो याच मंडळींचा पुढचा प्रयोग, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. पुढारी गावकऱ्यांच्या तक्रारीला उत्तर देतोय, असं एक भाषण रेकॉर्ड केलं गेलं. शब्द न् शब्द तोच. फक्त काही लोकांना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवलं आणि काहींना बाईच्या आवाजात, आणि मग विचारलं, हा नेता कसा वाटला? जिथे कधीच महिला प्रधान झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी मार्क दिले. तेच भाषण, तेच मुद्दे! मात्र ज्या गावांनी आरक्षणामुळे आधी महिला प्रधान बघितली होती, तिथे हा फरक पुसला गेला. गंमत म्हणजे तिथेही पुरुषांची आवड बदललेली नव्हती. 'पुढारी पुरुषच बरा' हे मत तसंच होतं. बदलली होती ती फक्त पारख. आवडत नाही, पण काम करते हे कबूल. सलग दोन वेळा आरक्षण राहिलेल्या गावांत तर पुढे बिनराखीव जागांवरही महिला जास्त संख्येने उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्याच गावांत, २०१२ च्या अभ्यासानुसार, किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातली दरी मिटली आणि मुलींच्या स्वतःबद्दलच्या अपेक्षाही उंचावल्या.

हे 'सलग दोन वेळा' लक्षात ठेवा. कारण आपल्याकडची आरक्षण सोडत कशी होते, हे ज्यांनी तहसीलमध्ये बघितलंय त्यांना माहीत आहे. शाळेतल्या एखाद्या पोराच्या हातून चिठ्ठी काढतात. 'महिला' निघाली की पाच वर्षं तयारी केलेल्या दादांचा चेहरा पडतो. मग आठवड्याभरात गावात फ्लेक्स लागतो. त्यावर वहिनींचा फोटो पदर डोक्यावर, हात जोडलेला, आणि दादांचा फोटो त्याहून मोठा. पाच वर्षांनी चिठ्ठी फिरते, आरक्षण जातं आणि वहिनी घरी. ज्या वेळेस त्या ग्रामसेवकाला 'ही पावती कुठाय' असं विचारायला शिकतात, नेमकी तेव्हाच टर्म संपते. सरपंचपती ही फक्त वाईट नवऱ्यांची गोष्ट नाही, ती या चक्राची पण गोष्ट आहे. एकच टर्म मिळणार असेल तर पक्षाला, पॅनेलला, अगदी घरालासुद्धा त्या बाईमध्ये गुंतवणूक करावीशी वाटत नाही.

आणि ज्या बाया स्वतः कारभार करायला बसतात, त्यांचं काय होतं? जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याची केस कॉलेजातल्या प्रत्येकाने वाचायला हवी. २०२१ मध्ये निवडून आलेल्या तिथल्या महिला सरपंचांविरुद्ध गावातल्या लोकांनी तक्रार केली, की त्या सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणातल्या सासूच्या घरात राहतात. त्या म्हणत होत्या, मी वेगळी, भाड्याच्या घरात राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, हायकोर्टात तांत्रिक कारणावर याचिका फेटाळली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पद परत दिलं आणि स्पष्टच सांगितलं, की बाई सरपंच झाली आणि तिचं ऐकावं लागणार, हे गावकऱ्यांना पचलं नाही, त्याचं हे उदाहरण आहे. इतक्या सहज, पुरेशी शहानिशा न करता लोकप्रतिनिधीला काढल्याबद्दल कोर्टाने सरकारी यंत्रणेलाही सुनावलं. विचार करा, सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. किती जणींकडे तेवढा पैसा आणि चिकाटी असेल?

म्हणूनच सरपंचपतींना दंड करा, ही सूचना मला अर्धीच पटते. हा विषय २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला होता. मग केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस आहे, हेल्पलाइन आहे, ग्रामसभेसमोर जाहीर शपथ आहे. शपथ छान आहे. पण दंड नक्की कुणाला? पुरावा काय? उद्या विरोधी पॅनेल म्हणेल 'कारभार नवरा बघतो' आणि पद जाईल बाईचंच. विचखेड्यात काय झालं ते आपण आत्ताच पाहिलं. नवरा बाकावर बसून सल्ला देतो आणि नवरा सहीचं डोंगल खिशात ठेवतो, यात फरक करता आला पाहिजे. ग्रामनिधीच्या पेमेंटला आता सरपंचांची डिजिटल सही लागते. ते डोंगल आणि त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, एवढं तपासलं तरी निम्मी गोष्ट कळेल. यातला जातीचा पदरही सोडून चालणार नाही. दलित किंवा आदिवासी महिला सरपंचाच्या बाबतीत अनेकदा नवऱ्यालाही कुणी विचारत नाही. तिथे कारभारी असतो उपसरपंच, नाहीतर वाड्यावरचा कुणीतरी.

मग आवाज वाढतो कुठे? माझं निरीक्षण असं, की बाई एकटी खुर्चीवर असते तेव्हा तिला झाकणं सोपं असतं. बाया घोळक्याने असतात तेव्हा अवघड जातं. राज्यात हे आरक्षणाच्याही आधी दिसलं होतं. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं प्रचंड महिला अधिवेशन झालं. त्यानंतर काही गावांत संपूर्ण महिलांची पॅनेल उभी राहिली, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला तर निवडूनही आली. तेव्हा चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता.

दारूबंदीचं मतदान घ्या. गावातलं दुकान बंद करायचं तर २५ टक्के महिलांच्या सह्यांनी मागणी करायची आणि मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. यातली ग्यानबाची मेख अशी, की नुसतं झालेल्या मतदानाचं बहुमत पुरत नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. मजुरीला गेलेली, आजारी असलेली, यादीत नाव असून लग्न होऊन गेलेली, सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात! आमदारकीला असा नियम लावला तर किती जण निवडून येतील, हा प्रश्न मला फार छळतो. तरीही बाया जिंकतात, कारण त्या दिवशी दारोदार जाऊन एकमेकींना केंद्रावर आणतात.

किंवा कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. सरपंच पुरुष होते, पण ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक दोघीही महिला होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं सांगितलं. ठरावाने लगेच सगळ्यांची मनं बदलत नाहीत, हे मान्य. पण 'आमच्यात असंच असतं' म्हणणाऱ्या भावकीसमोर ठेवायला त्या गावातल्या बाईच्या हातात एक शिक्क्याचा कागद आला.

असा कागद तयार करायची जागा कायद्यात आधीपासून आहे, आणि मला ती पत्रकारितेच्या वर्गात येईपर्यंत कुणी सांगितली नव्हती: महिला सभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथे पुरुषांसमोर उभं राहून बोलायचं टेन्शन नाही. पाणी, रेशन, दारू, शाळेतलं टॉयलेट, बस थांबा, जे ठरेल ते मुख्य ग्रामसभेपुढे जातं. प्रत्यक्षात? बऱ्याच ठिकाणी अंगणवाडीतून रजिस्टर फिरतं, सह्या होतात, सभा 'झाली'. मुख्य ग्रामसभेचा कोरमही फार मोठा नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे मोठ्या गावात १०० माणसं जमली की गावाचा निर्णय होऊ शकतो.

आता आपलं बोलू. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येक जण पुण्या-नाशिक-नागपुरात होस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहतात आणि मतदार यादीत नाव गावाकडचं आहे. गावच्या यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते, वेगळं फॉर्म-बिर्म काही नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना बहुतेक गावांत ग्रामसभा असते आणि यातल्या चारही दिवशी कॉलेजला सुट्टी असते. ग्रामपंचायत लढवायला वय लागतं २१.

गेल्या वेळच्या महिला सभेचं इतिवृत्त बघायला मागा. त्यात आईची, काकूची सही असेल तर तिला विचारा, त्या दिवशी काय काय ठरलं होतं गं?